हिरवी तार, काळी तार

संगणक चालू होत नाही, हे वाक्य दिसायला सरळ आहे. अन्वय लावायला बसले की ते कूट श्लोकाइतके अवघड निघते. बटण दाबल्यावर यंत्रात काहीच हालचाल होत नाही, तेव्हा आपण हे वाक्य उच्चारतो. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तेव्हाही हेच. पडद्यावर चार अक्षरे उमटतात आणि तिथेच थिजतात, तेव्हाही हेच. तीन निरनिराळे आजार, आणि तिघांचे वर्णन एकच. म्हणून दुरुस्ती करणारा माणूस 'काय झाले?' असे विचारीतच नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, 'लाइट येते का?' आता मराठी माणसाच्या बोलीत वीज, दिवा आणि उजेड या तिघांचे काम 'लाइट' हा एकच शब्द भागवतो. त्यामुळे उत्तर 'येते' असे मिळाले, तरी ती भिंतीत येते की यंत्रावरच्या इवल्या दिव्यात, हे पुन्हा विचारावे लागतेच.

गेल्या दिवाळीनंतर हा सारा अभ्यास आम्हांस करावा लागला. संगणक आमचा नव्हता. पनवेलच्या ज्या महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवले, तिथल्याच एका ज्येष्ठ सहकारी बाईंचा तो होता. बाई आता नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. घर आवरायला आला तेव्हा माळ्यावरून त्याने हा ठोकळा खाली काढला आणि आम्हांस फोन केला. "सर, भंगारवाला सातशे रुपये देतोय. आईचं काही असलं त्यात तर बघता का तुम्ही?"

त्यात काय असणार, हे आम्हांस पक्के ठाऊक होते. १९९९ ते २००८ या काळात बाई रविवारी खांद्याला टेपरेकॉर्डर लावून पनवेल-उरणच्या आगरी गावांतून हिंडत. ज्या घरी लग्न, त्या घरी हजर. आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा असतो. घाणा भरण्यापासून हळदीपर्यंत आणि मांडवापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो तिच्याच तोंडून यायचा. ही गाणी तिला कुणी लिहून दिलेली नसतात. बाई ती ध्वनिमुद्रित करीत आणि घरी येऊन कॅसेट मागेपुढे करीत थेट संगणकावर उतरवून घेत. वह्यांत त्यांनी लिहिले ते फक्त गावाचे नाव, तारीख आणि कॅसेटचा क्रमांक. कॅसेटी मुलाने पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या खऱ्या. पण पनवेलचे चार महिन्यांचे पाऊसपाणी आणि खाडीवरून येणारी दमट हवा ट्रंकेलाही सोडत नाही. फितीवर पांढरी बुरशी धरली होती. राहता राहिला संगणक.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाईंच्या वहीतल्या नावांत कोल्ही, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशी नावे आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांतली ही. तिथली उलवे टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. माणसे अर्थातच कुठे कुठे वसली आहेत. पण ज्या अंगणांत हे मांडव पडले होते, ती अंगणे आता धावपट्टीखाली आहेत. भंगारवाल्याचे सातशे रुपये या हिशेबात धरायचे होते.

मुंबईतल्या एका दुकानात आम्ही चौकशी केली. त्यांनी यंत्राचे वय विचारले आणि नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. २००२ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पेंटियम फोर. तो उघडून पाहावा असेही त्यांना वाटले नाही. अखेर जुन्या पनवेलात, लाइन आळीच्या बाजूला, मोबाइलच्या काचा बदलणारा एक तरुण भेटला. त्याच्या वडिलांचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, म्हणून त्याच्याकडे मीटर होता आणि मीटरवर विश्वासही होता.

त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. भिंतीतल्या सॉकेटात त्याने आधी स्वतःचा मोबाइल चार्जिंगला लावून पाहिला. मग संगणकाची वायर काढून त्याच जातीची, मॉनिटरची चालू वायर लावली. मागच्या बाजूचा छोटा खटका दाबलेला आहे ना, आणि त्याशेजारची तांबडी पट्टी २३० या आकड्यावर आहे ना, हे पाहिले. जुन्या एसएमपीएसना ११५ आणि २३० असे दोन आकडे असत. ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिली तर आतून स्फोट झाल्यासारखा आवाज येतो आणि प्रश्न कायमचा मिटतो. चार पायऱ्या झाल्या आणि अजून त्याने स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नव्हता. आम्ही मात्र तोवर समोरचे बटण तीनदा दाबून झालो होतो.

"सर, ते बटण सोडा. ते फक्त चिठ्ठी पाठवतं."

हे चिठ्ठीचे प्रकरण आम्हांस फार आवडले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पंख्याचे किंवा मिक्सरचे बटण विजेची वाटच जोडते किंवा तोडते. पूर्वीच्या संगणकांचेही तसेच असे. १९९५ मध्ये इंटेलने ए.टी.एक्स. नावाची नवी रचना आणली, तेव्हापासून समोरच्या बटणाचा आणि भिंतीतल्या विजेचा थेट संबंध उरला नाही. बटण मदरबोर्डाला फक्त एक खूण करते. मदरबोर्ड ती खूण वाचतो आणि हिरव्या तारेवरून एसएमपीएसला कळवतो, की आता सारे प्रवाह सोड. पण यंत्र बंद असताना मदरबोर्ड ही खूण वाचतो कशाच्या बळावर? त्यासाठी जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा बारीक प्रवाह सतत चालू असतो. ओसरीवर रात्रभर मंद ठेवलेल्या कंदिलासारखा. बंद संगणक पूर्ण बंद नसतोच. तो जागा असतो आणि हाकेची वाट पाहत असतो.

म्हणजे 'बटण दाबले आणि काही झाले नाही' या घटनेत दोष चार ठिकाणी असू शकतो. हाक मारणारा मुका असेल, हाक ऐकणारा बहिरा असेल, निरोप नेणारी तार तुटली असेल, किंवा ज्याला निरोप द्यायचा तोच निजधामाला गेला असेल. बाहेरून चारही सारखेच दिसतात. त्या तरुणाने बटणाची तार मदरबोर्डावरून उपटली आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. काही नाही. म्हणजे बटण निर्दोष ठरले नाही, पण एकटे दोषी नाही एवढे ठरले. मग त्याने एसएमपीएसचा वीस पिनांचा मोठा खुंटा मदरबोर्डातून काढला. यू-पिन सरळ करून तिचे एक टोक हिरव्या तारेच्या भोकात घातले, दुसरे शेजारच्या काळ्यात. मदरबोर्डाला पूर्ण वगळून थेट एसएमपीएसला 'सुरू हो' म्हणण्याची ही युक्ती. पंखा हलला नाही. शेवटी मीटरचे एक टोक जांभळ्या तारेला आणि दुसरे काळ्या तारेला लावले. पाचाच्या जागी शून्य.

कंदीलच विझला होता.

आम्हांस एसएमपीएस उघडून पाहायचा होता. त्याने वायर काढून पुरता एक दिवस जाऊ दिला. २३० व्होल्टची वीज या डबीत एकदिश होते तेव्हा तिचा दाब तीनशेच्या वर जातो, आणि वायर काढल्यावरही तो आतल्या मोठ्या कपॅसिटरांत काही काळ दबा धरून असतो. घरच्या घरी हे धाडस कुणी करू नये. दुसऱ्या दिवशी झाकण निघाले तेव्हा पंख्याच्या जाळीला कुंभारीण माशीने बांधलेली मातीची दोन नीटस घरटी दिसली. शेजारी तीन कपॅसिटरांची टाळकी फुगून फाटली होती आणि तपकिरी रस वाळून खरपुडी झाली होती. हा त्या पिढीचाच रोग. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य कपॅसिटरांतले द्रव सदोष होते आणि जगभरची यंत्रे त्यापायी बसली. त्यात २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दिवसातून दोनदा-तीनदा वीज जाणे-येणे. या डबीने आणखी किती सोसायचे?

दुसरा एसएमपीएस जोडण्याआधी त्या मुलाने हार्ड डिस्क सोडवून बाजूला ठेवली. आम्ही कारण विचारले. "पेशंट शुद्धीवर यायच्या आधी त्याचं पाकीट काढून ठेवायचं, सर. उठल्यावर तो काय करेल सांगता येत नाही." नव्या विजेने जुन्या मदरबोर्डावर काही भलतेच झाले, तर त्यात डिस्क सापडू नये, एवढाच अर्थ. इतके शहाणपण आम्ही संशोधनपद्धतीच्या परिसंवादांतून क्वचित ऐकले आहे. मग एसएमपीएस लागला, पंखा फिरला, यंत्राने लांबलचक पिपाणी वाजवली. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासले, तेव्हा पडदा उजळला. आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीचा जीव कधीच गेला असल्याने घड्याळ आरंभाला जाऊन बसले होते. पडद्यावर तारीख आली, १ जानेवारी २००२. त्या तारखेला कोल्ही-कोपर जागच्या जागी होती.

डिस्क त्याने स्वतःच्या यंत्राला वेगळ्या जोडणीने लावली आणि काही उघडण्याआधी तिच्या दोन प्रती केल्या. बाईंची फाईल जशीच्या तशी सापडली. खरे तर ती हरवलीच नव्हती. विजेच्या डबीला झालेल्या आजारात अक्षरांचा केसही वाकला नव्हता. पण डबी बसली की अख्खे यंत्र 'गेले' म्हणायची आपली रीत, आणि सातशे रुपये हा त्या रीतीचा बाजारभाव.

फाईल उघडली आणि पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे, स्वल्पविराम यांचा खच पडला. ज्यांनी त्या काळात मराठी टंकन केले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, आणि देवनागरी तिच्यात होती. पण २००२ मध्ये मुद्रणालयांत पेजमेकर चाले आणि त्याला युनिकोडची देवनागरी उमगत नसे. म्हणून फॉन्टवाल्यांनी रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवले होते. संगणकाच्या लेखी ते रोमनच. मराठी ते फक्त आपल्या डोळ्यांना. शिवाय प्रत्येक फॉन्टाची घरे वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर असूनही वाचता येत नाही. सुदैवाने बाईंचा फॉन्ट त्याच डिस्कवर होता. तो बसवला आणि पाने उजळली. पण अशा उसन्या डोळ्यांवर किती दिवस काढायचे? मजकूर युनिकोडात नेणे भाग होते. आमच्या एका एम. ए.च्या विद्यार्थ्याने रूपांतराची आज्ञावली आणली आणि दोन संध्याकाळींत काम उरकले.

तिसऱ्या दिवशी तो चिंतातुर मुद्रेने आला. "सर, कन्व्हर्टर ळ खातोय. सगळीकडे ल झालाय. ण पण गेलाय, न आलाय. डोला, पानी, कोन, बाल. आणि शीर्षकातच चूक आहे, 'धवले'. मी एका झटक्यात सगळं बदलून देऊ का?"

झटका तयार होता. बोट कळीवर होते म्हणा ना. मुलगा विदर्भातला, हुशार, शुद्धलेखनाचा पक्का. आगरी बोलीत ळचा ल आणि णचा न होतो, हे त्याने भाषाविज्ञानाच्या पेपरात लिहिलेही असेल. पण पडद्यावर दिसलेला ल बोलीचा आहे की आज्ञावलीच्या दोषाचा, हे नुसत्या लकडे पाहून कसे कळावे? बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आणि इथे कॅसेट नाही, वही नाही, बाई नाहीत. विचारायचे कुणाला?

आम्हांस यू-पिन आठवली. मधला भाग वगळून पाहायचा. फाईलीच्या आरंभी बाईंनी अकरा पानांची प्रस्तावना लिहिली आहे, प्रमाण मराठीत. तीही त्याच फॉन्टात टंकलेली, त्याच आज्ञावलीतून गेलेली. आज्ञावली ळ खात असेल तर तिने प्रस्तावनेतलाही खाल्ला असणार. पाने काढली. 'वेळ', 'गळा', 'मुळात', 'वेगळेपण', सारे ळ आपापल्या जागी. 'प्रमाण', 'गाणे', 'कारण', सारे ण शाबूत. प्रवाह तिथवर नीट येत होता. म्हणजे गाण्यांतला ल धवलारणीच्या तोंडचा आणि बाईंच्या कानांचा होता. इतकेच नव्हे, प्रस्तावनेतच एका परिच्छेदात बाईंनी महदाइसेचा उल्लेख 'धवळे' असा केला आहे आणि त्याच वाक्यात या गावांतल्या गाण्यांना 'धवले' म्हटले आहे. तेराव्या शतकातल्या, मराठीची आद्य कवयित्री मानल्या गेलेल्या त्या महानुभाव स्त्रीने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचले. सात शतकांनंतर कोपरच्या मांडवात एक निरक्षर बाई धवले म्हणते. दोहोंमध्ये एका अक्षराचे अंतर आहे, आणि बाईंनी ते डोळसपणे राखले होते. एका झटक्यात ते गेले असते, आणि पुढच्या अभ्यासकाला गेल्याचे कळलेही नसते.

आज्ञावलीत दोष नव्हता असे नाही. 'दुसऱ्या' हा शब्द तिने सर्वत्र 'दुसर्या' असा करून ठेवला होता, 'सुऱ्या'चे 'सुर्या' केले होते. अर्ध्या रचे ते मराठमोळे चंद्रकोरी रूप तिला झेपले नव्हते. र्‍हस्व वेलांटीचाही काही ठिकाणी घोळ होता. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी साठवली जाते आणि युनिकोडात नंतर, त्यामुळे ओलांडताना तिचा पाय घसरतो. हे सारे प्रस्तावनेतही तसेच होते. तेव्हा ते दुरुस्त केले. ल मात्र कुठेच हलवला नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही कथा आपण वर्गात सांगतो तेव्हा सारा भर 'शुद्ध' या शब्दावर असतो. नंतरच्यांनी घातलेले काढणे आणि मुळातले जुने राहू देणे, ही त्या कामाची दोन अंगे. दुसरे अंग वर्गात फारसे येत नाही, कारण त्यात न केलेली गोष्ट सांगायची असते. लोकगीतांच्या छापील संग्रहांत संपादकांनी बोलीला जो प्रमाण मराठीचा साबण लावला, त्याचे मूळ आमच्या मते दुष्टपणात नाही. समोरचा दोष कुठल्या पायरीवरचा आहे, हे तपासायला कुणी यू-पिन हाती घेतली नाही, इतकेच. ज्यांनी हे संग्रह केले त्यांचे ऋण आहेच. पण त्या ळवर आता कितपत विसंबावे?

एक जागा मात्र अडून राहिली. मांडवाच्या एका धवल्यात 'केली' हा शब्द सात वेळा येतो. सहा ठिकाणी संदर्भ स्पष्ट आहे. कुठे मांडवाच्या दारी बांधलेली केळ, कुठे क्रियापद. सातवी जागा अकराव्या, म्हणजे शेवटच्या ओळीच्या अखेरीस, आणि तिथे दोन्ही अर्थ सारखेच बसतात. हे धवलारणीलाच विचारावे म्हणून आम्ही बाईंच्या वहीतले गाव घेऊन चौकशी करीत वडघरच्या बाजूला, विस्थापितांच्या नव्या वसाहतीत गेलो. ज्यांनी ते गाणे बाईंना सांगितले होते त्या हयात नाहीत. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या एक आजी दुसऱ्या मजल्यावर भेटल्या. कागदावरून आम्ही ओळ वाचून दाखवली आणि ही केली म्हणजे कुठली, केळ की केले या अर्थी, असे विचारले.

"केली म्हनजे केलीच," आजी म्हणाल्या, आणि आमच्याकडे दयेने पाहू लागल्या.

आम्ही म्हटले, आजी, एवढी ओळ म्हणून दाखवता का? तशी मधूनच ओळ त्यांना काढता येईना. तेव्हा त्यांनी धवला पहिल्यापासून धरला. बाईंच्या फाईलीत तो अकरा ओळींचा आहे. आजी अकराव्या ओळीला थांबल्या नाहीत. त्या थांबल्या तेव्हा आम्ही चोवीस मोजल्या होत्या. घरी येऊन बाईंची वही पुन्हा पाहिली. त्या गाण्यापुढे कॅसेटचा क्रमांक आहे आणि त्यापुढे बारीक अक्षरांत 'अ बाजू, शेवट'.